चावी तुटली म्हणजे नेमकं काय तुटलं?

“कळलं का गं? चौथ्या बंगल्यातल्या जावयाची गाडी परवापासून गेटात तशीच उभी आहे.”

काकूंचं वाक्य ‘कळलं का’नं सुरू झालं की गॅस बारीक करून बाहेर यावं, हा आमच्या सहकारनगरातल्या गल्लीचा अलिखित नियम. दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत, तिच्यावरून त्यांची जास्वंद आमच्याकडे झुकलेली. फुलं आमची, मुळं त्यांची आणि बातम्या सामाईक. काकू एका विमा कंपनीत मोटार क्लेमच्या टेबलावरून निवृत्त झाल्या. त्यामुळे कुठलीही गाडी त्यांना आधी चोरीला गेलेली दिसते, मग उभी असलेली.

“उभी म्हणजे? बॅटरी उतरली का?”

“बॅटरी कसली उतरतेय! सकाळी सेल्फ मारत होता की. खर्र खर्र खर्र. तू ऐकलं नाहीस? अख्ख्या गल्लीनं ऐकलं. इंजिन फिरतंय, पण स्टार्ट काही होत नाही. आणि बिघाड गाडीत नाहीच. चावीत आहे.”

गाडी त्यानं दिवाळीच्या सुमारास घेतली. दहा वर्षं जुनी, पांढरी, ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी’. आपल्याकडे विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी कुठल्या ना कुठल्या डॉक्टरांचीच असते आणि ते डॉक्टर ती फक्त रविवारी चालवतात. हा जावई सहा महिन्यांपूर्वी बायकोमुलांसह सासऱ्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. घरजावई म्हणायचं नाही, वर्क फ्रॉम होम म्हणायचं, असं काकूंनी आम्हाला बजावून ठेवलंय. माणूस तसा भला. फक्त कुणाला काही विचारायचं नाही, सगळं मोबाइलवर व्हिडिओ बघून करायचं, एवढाच दोष.

झालं असं, की गाडीबरोबर चावी एकच मिळाली. बटण दाबलं की पातं खटकन बाहेर येतं, तसली. त्या पात्याच्या बुडाशी एक बारीक पिन असते, ती झिजली. पातं हलायला लागलं, मग कव्हरला चीर गेली, मग किचेनची कडी जिथे अडकते तो कान तुटला. जावयानं त्यात फेविक्विक सोडलं. ते आत झिरपून कुलूप उघडायच्या बटणाखाली गेलं. आता बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं, आणि गाडी रात्री बारा वाजता आपली आपण उघडायची नि बंद व्हायची. समोरच्यांचा कुत्रा तेवढाच वेळ भुंकायचा.

“मग त्यानं ऑनलाइन नवी चावी मागवली,” काकू म्हणाल्या. “तीनशे रुपयांची.”

“तीनशेत चावी?”

“तेच तर! चावी नाही, कव्हर. नुसतं प्लास्टिक आणि न कापलेलं पातं. यानं जुन्या चावीतलं पातं काढून यात बसवलं, रिमोटची पाटी बसवली, नवा सेल घातला. दाबून बघितलं तर टुक-टुक, गाडीची दारं उघडली. साहेब खूश. जुनं फुटकं कव्हर टाकलं सुक्या कचऱ्यात. सकाळी कचरेवाल्या ताई आल्या, घेऊन गेल्या. दहा वाजता हा ऑफिसला निघाला आणि खर्र खर्र खर्र.”

एवढ्यात पलीकडून अण्णा आले. अण्णांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून गेला, आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते एका गॅरेजवर वायरिंग बघत होते. गाडी बंद पडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत वासावरूनच पोचते.

“कव्हरात चिप होती,” अण्णा म्हणाले. काही विचारायच्या आधीच.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सेल्फ सांगतो ना. सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक, पातं ठीक. दारं उघडतायत म्हणजे रिमोट ठीक. मग उरलं काय?”

त्यांनी खिशातून स्वतःच्या गाडीची चावी काढली, भिंतीवर कालचा पेपर पसरला आणि कव्हराच्या खाचेत नाण्याची कड घालून ती उघडली. मला वाटलं होतं आत घड्याळासारखं काहीतरी बारीक यंत्र असेल. निघालं ते असं: एक हिरवी पाटी, तिच्यावर दोन इवले टिकटिक करणारे स्विच, रबराचं बटणपान, एक चपटा सेल. आणि कव्हराच्याच एका कोपऱ्यात, त्याच्यासाठी केलेल्या खोबणीत, काळ्या रंगाचा एक तुकडा. जेमतेम सेंटीमीटरभर लांब, पाचरीसारखा एका बाजूला निमुळता. ना वायर, ना सेल, ना कशाला जोडलेला. कुणी सांगितलं नसतं तर मीही तो प्लास्टिकचाच भाग समजले असते.

“हीच ती,” अण्णा म्हणाले. “हिला सेल लागत नाही. चावी लावायच्या भोकाभोवती गाडीत तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. तुम्ही चावी फिरवली की त्यातून जो रेडिओ सिग्नल निघतो, त्याच्यावरच ही जागी होते आणि आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा निघाला तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिनला डिझेल-पेट्रोल सोडतो. नाही निघाला तर बसा सेल्फ मारत. समोर काट्यांच्या खाली लाल दिवा लुकलुकतो बघा, चावीचं किंवा कुलपाचं चित्र असतं. मारुतीवाले त्याला आयकॅट्स म्हणतात, बाकीचे इमोबिलायझर म्हणतात. काम एकच.”

“म्हणजे रिमोट वेगळा आणि ही वेगळी?”

“पूर्ण वेगळी. रिमोट मेला तरी गाडी चालते, पात्यानं दार उघडा आणि निघा. चिप गेली तर रिमोट कितीही चांगला असला तरी गाडी हलत नाही. आणि पातं तुटलं तर हे दोघं धडधाकट असून उपयोग नाही. एका प्लास्टिकमध्ये तिघं भाडेकरू राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत. लोक म्हणतात चावी तुटली. अहो, तिघांतलं कोण तुटलं ते तर सांगा!”

काही गाड्यांत म्हणे ही चिप रिमोटच्या पाटीवरच बसवलेली असते. तिथे पाटी हलवली की चिप आपसूक येते, आणि व्हिडिओतल्या माणसाची गाडी नेमकी तसलीच असते. जावयाची नव्हती.

काकूंना चिपमध्ये रस नव्हता. “दुसरी चावी कुठाय ते विचारा आधी,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक गाडीबरोबर दोन येतात. मूळ मालकानं एक ‘सापडली की देतो’ म्हणून ठेवली. गाडी घेताना मी सासूबाईंना म्हटलं होतं, दुसरी चावी हातात आल्याशिवाय शेवटचे दहा हजार देऊ नका. पण माझं कोण ऐकतंय!”

“सापडेल हो एखादे दिवशी.”

“अगं, सापडायचं नंतर. गाडी चोरीला गेली तर? क्लेमच्या कागदांत पहिल्यांदा काय मागतात माहितीये? एफआयआर, आरसी, आणि चाव्या. दोन्ही. मूळच्या. एकच दिलीस की सर्व्हेअर मान वर करून बघतो. दुसरी कुठे गेली? कुणाला दिली होती? गाडीत राहिली होती का? मग खुलासा लिहून द्या, तपास होऊ द्या, फाइल पडून राहू द्या. माझ्या टेबलावर मी अशा फायली पिवळ्या होताना बघितल्यात.”

हे मला नवीन होतं. आमच्या गाडीची दुसरी चावी कुठे असेल याचा मी मनातल्या मनात शोध घेऊ लागले, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

मग समजलं की जावई आधी सर्व्हिस सेंटरला गेला होता. तिथल्या मुलीनं फार गोड बोलून आरसी मागितली, ओळखपत्र मागितलं, विम्याची कॉपी मागितली. आरसीवर अजून जुन्याच मालकाचं नाव! विकणाऱ्यानं फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या होत्या, त्या एजंटाकडे ‘प्रोसेसमध्ये’ होत्या. ती म्हणाली, मग मालकांना घेऊन या किंवा त्यांचं पत्र आणा. जावई चिडला. पण मला विचाराल तर ती मुलगी बरोबर होती. चेसिस नंबर सांगून कुणीही गाडीची चावी बनवून घेऊ शकला असता तर त्या चिपचा उपयोगच काय?

“आणि विमा?” काकूंनी भुवई उडवली. “तो तरी नावावर केला का? थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप येतो, पण चोरीचा नि स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. आरटीओकडे घेणाऱ्याला महिना मिळतो. हा दिवाळीपासून व्हिडिओ बघतोय.”

सर्व्हिस सेंटरचा आकडाही गल्लीत फुटला होता. दोन्ही चाव्या नसतील तर पूर्ण लॉकसेट बदला, म्हणजे दारांची नि इग्निशनची कुलपं नवी. सगळं मिळून दहा हजारांच्या पुढे. शिवाय गाडी तिथे न्यायची म्हणजे टो करून. कारण नव्या चिपची ओळख गाडीला करून द्यावी लागते आणि ती ओळख गाडीच्या अंगाला वायर लावूनच होते. चावी डबीत घालून घरी पाठवली असं होत नाही.

“लॉकसेट कशाला?” अण्णा उखडले. “पातं आहे ना त्याच्याकडे! कुलपं ठणठणीत आहेत. चिप गेलीय, चिप द्या. पण तिथे काउंटरवर बसलेल्याकडे ‘चावी हरवली’ एवढीच एक रेघ असते, तिच्यावर टिक केली की पुढचं सगळं छापून येतं.”

“पण अण्णा, खरंच हरवली असेल तर बदलायचा ना लॉकसेट?”

“हरवली म्हणजे कुठे? सिंहगडाच्या दरीत पडली असेल तर कशाला बदलता? गाडीच्या कागदांसकट पर्स मारली गेली असेल, तर बदला. चोराला पत्ता आणि चावी दोन्ही मिळाली ना. आणि पोलिसांत हरवल्याची नोंद करायची, तीही विसरायची नाही.”

हे बोलणं चालू असताना आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, कमिन्स कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलगी गच्चीतून खाली डोकावली. तिला राहवेना. तिनं सांगितलं की रिमोटसुद्धा साधा नसतो. तो प्रत्येक वेळी नवा कोड पाठवतो, म्हणजे कुणी चोरून हवेतला कोड पकडला तरी दुसऱ्यांदा तो चालत नाही. रिमोट आणि गाडी दोघंही मनात मोजत असतात. पोरानं खेळता खेळता बटण खूप वेळा दाबलं तर रिमोट पुढे जातो आणि गाडी मागे राहते. एका जुन्या, फार वापरल्या गेलेल्या पद्धतीत सोळा कोडपर्यंत गाडी सांभाळून घेते. त्याच्याहून पुढे गेला तर लागोपाठ दोनदा दाबावं लागतं, मग ती परत मोजणी जुळवते. आणि हीच पद्धत संशोधकांनी २००८ मध्ये फोडून दाखवली, असंही ती उत्साहानं म्हणाली.

“फोडली?” काकूंचे डोळे चमकले. “म्हणजे चोराला आता सोपं?”

“दारं उघडायला. पण गाडी चालू करायला चिप लागतेच. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. आणि अमेरिकेत काही स्वस्त मॉडेलांत तो नव्हता, तर २०२१ नंतर पोरांनी यूएसबीच्या केबलनं त्या गाड्या पळवल्या. व्हिडिओ टाकून.”

“व्हिडिओ,” अण्णा म्हणाले. त्या एका शब्दात जावयाचा पूर्ण पंचनामा होता.

जुन्या गाड्यांचं बरं होतं, असं मात्र अण्णांनी म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं. उलट त्यांनी सांगितलं की पद्मिनी नि मारुती आठशेच्या काळात झिजलेल्या चावीनं शेजारच्याची गाडी उघडायची. पार्किंगमधून भलतीच पांढरी आठशे घेऊन घरी गेलेला माणूस त्यांच्या माहितीत आहे. डॅशबोर्डवर स्वतःचा गणपती दिसेना म्हणून त्याच्या लक्षात आलं. खरं-खोटं अण्णा जाणोत.

झिजण्यावरून त्यांनी आणखी एक सांगितलं, ते कामाचं आहे. जुन्या पात्यावरून पातं कापलं की झीजसुद्धा उतरते. नक्कलेची नक्कल केली की चावी कुलपात अडकायला लागते. म्हणून नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्याला धातूची एक बारकी पट्टी येते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. तो चावीचा नंबर. त्यावरून कापलं तर पातं पहिल्या दिवसासारखं निघतं. ती पट्टी बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात ‘हे काय लोंबतंय’ म्हणून काढून फेकली जाते.

शेवटी जावयाला चावीवाला अण्णांनीच गाठून दिला. नाना पेठेत, सुट्या भागांच्या दुकानांच्या दाटीत, एका बोळाच्या तोंडाशी त्याचं टपरीवजा दुकान आहे. त्यानं फोनवर फक्त तीन प्रश्न विचारले: गाडी कुठली नि कुठल्या सालची, पातं आहे का, आणि आरसी कुणाच्या नावावर? तिसऱ्या प्रश्नावर अण्णांनी स्वतःचा शब्द दिला आणि जुन्या मालकाशी त्याचं फोनवर बोलणं करून दिलं. जो चावीवाला कागद विचारत नाही त्याच्याकडून चावी करू नये, असं काकूंचं मत. तो तुमच्या गाडीची चावी उद्या दुसऱ्याला करून देईल.

रविवारी तो स्कूटरवर आला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये टॅबलेटएवढं एक यंत्र. भिंतीपाशी आम्ही तिघं आपापल्या कामात होतो. म्हणजे काकू जास्वंदीला पाणी घालत होत्या, तेच ते पुन्हा पुन्हा. त्यानं स्टिअरिंगखाली वाकून एका चपट्या सॉकेटात यंत्राची वायर लावली. नव्या कव्हराच्या रिकाम्या खोबणीत नवी चिप बसवली, वरून गोंदाचा एक थेंब. मग चावी लावून इग्निशन ऑन केलं आणि यंत्रावर काही काही दाबत बसला. मधेच म्हणाला, “दुसरी चावी असेल तर आत्ताच आणा. कोडिंग करताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात, जी समोर असेल तीच राहते.”

आणि इथे काकूंचा विजय झाला. जुन्या मालकाचा फोन लागलाच होता, तेव्हा काकूंनी जावयाच्या सासूबाईंकरवी निरोप दिला की आरसीवर अजून तुमचंच नाव आहे, उद्या गाडीनं कुणाला ठोकलं तर नोटीस तुमच्या घरी. दुसरी चावी त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात तासाभरात सापडली. ते स्वतः बिबवेवाडीहून घेऊन आले आणि चहा घेऊन, फॉर्मवर राहिलेली एक सहीही करून गेले. डॉक्टर नव्हते. सिमेंटचे डीलर होते.

“मग हिच्यातली चिप चालू असणार!” जावई म्हणाला. “नव्या चिपचं काम पडलंच नसतं.”

“पडलं असतं,” चावीवाला मान वर न करता म्हणाला. “एका चावीवर गाडी चालवणार का पुन्हा?” त्यानं दोन्ही चाव्या कोड केल्या आणि कचऱ्यात गेलेल्या चिपची ओळख गाडीच्या डोक्यातून पुसली गेली. फेविक्विकनं खराब झालेला बटणाखालचा स्विच डिंक खरवडून, डाग देऊन बदलला. त्याचे वेगळे शंभर. सगळं मिळून साडेतीन हजार घेतले. गाडीगाडीवर हा आकडा बदलतो, बटण दाबून स्टार्ट होणाऱ्यांचा फार वर जातो, हेही त्यानंच सांगितलं. जावयानं विचारलं, व्हिडिओत एकानं चिप स्टिअरिंगखाली टेपनं चिकटवून टाकली होती, मग साध्या पात्यानं गाडी चालते, तसं स्वस्तात नाही का होत? चावीवाल्यानं अण्णांकडे बघितलं.

“होतं,” अण्णा म्हणाले. “चोराचंही स्वस्तात होतं.”

गाडी पहिल्या सेल्फला स्टार्ट झाली. लाल दिवा विझला. कुत्रा भुंकला. चावीवाला यंत्र गुंडाळून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात समोरचे त्यांच्या स्कुटीची वाकलेली चावी घेऊन आले. मागोमाग कमिन्सवाली, तिच्या बाबांच्या रिमोटचं बटणपान फाटलं होतं. त्याच्या सॅकमध्ये दोन-तीन प्रकारचे सेल होते. २०३२ म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि तीन पूर्णांक दोन जाड, १६२० म्हणजे सोळा रुंद आणि दोन जाड, असं तो सांगत होता आणि लोक आपापल्या चाव्या उघडून आकडे वाचत होते. मी घरात जाऊन आमची दुसरी चावी शोधून आणली. तिच्यातला सेल हिरवा पडला होता. काकू तेवढ्यात आत जाऊन आल्या.

“अहो, गोदरेजच्या कपाटाच्या लॉकरची करता का? एकच उरलीय.”

“कपाट तुमचंच ना?” चावीवाल्यानं विचारलं.

“म्हणजे काय!”

“नाही, काकू, कागद विचारायची तुमचीच शिकवण आहे म्हणाले अण्णा.”

काकूंनी लग्नाची पावती आणली नाही एवढंच. त्याला गल्लीतून सुटायला दोन वाजले, आणि जेवायला जावयाच्याच घरी थांबावं लागलं.